दहा मीटर एअर पिस्तूल: सराव कसा करायचा आणि सुधारणा वहीत कशी पकडायची

दहा मीटर एअर पिस्तूलच्या टार्गेटवरचं दहाचं वर्तुळ ११.५ मिमी व्यासाचं असतं, म्हणजे साधारण शर्टाच्या बटणाएवढं. एका हातात पिस्तूल, कोपर सरळ, कुठेही टेकायचं नाही, आणि ते बटण दहा मीटरवर. पहिल्या दिवशी हात डुलताना पाहून बहुतेकांना वाटतं की आपला हात स्थिर नाही, हा खेळ आपला नाही. पण हात प्रत्येकाचाच हलतो. पॅरिस ऑलिंपिकमध्ये मनू भाकरने पात्रता फेरीत ६०० पैकी ५८० गुण मिळवले, म्हणजे तिथेही वीस गुण सुटलेच. नवख्याचे गुण हात हलण्यापेक्षा जास्त दोन गोष्टींमुळे जातात: साइट (पिस्तुलावरच्या नेम धरायच्या पुढच्या-मागच्या खुणा) जुळलेली नसणं आणि ट्रिगर ओढताना पिस्तूल ढकललं जाणं. या दोन्ही सरावाने सुधारतात. मात्र त्या खरंच सुधारताहेत की नाही हे त्या दिवसाच्या सर्वांत चांगल्या सिरीजवरून (म्हणजे दहा गोळ्यांच्या गटावरून) कळत नाही, त्यासाठी वही लागते. पुढचा सगळा मजकूर याच दोन कामांबद्दल आहे.

सुरुवात एअर पिस्तूलनेच का

कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकलं ते २५ मीटर पिस्तूलमध्ये. त्या प्रकारात पॉइंट टू टू बोअरचं पिस्तूल वापरतात आणि त्याला शस्त्रपरवाना लागतो. एअर पिस्तूल ४.५ मिमीचं असतं. मॅच म्हणजे स्पर्धेच्या पिस्तुलातून ०.५३ ग्रॅमचं पेलेट, म्हणजे त्याची बारीक गोळी, सेकंदाला सुमारे १५० मीटर वेगाने सुटतं, म्हणजे ऊर्जा ६ ज्यूलच्या आसपास. शस्त्र नियम, २०१६ मधल्या २० ज्यूलच्या मर्यादेच्या ती बरीच खाली असल्याने परवान्याचा प्रश्न येत नाही. धक्का नाममात्र, आवाज कमी, पेलेट स्वस्त. बालेवाडी असो, वरळी असो की तालुक्याच्या गावातली पाच लेनची रेंज असो, नवा माणूस इथूनच सुरुवात करतो.

लगेच पिस्तूल विकत घेऊ नका. स्टायर, मोरिनी, वॉल्थर, पार्दिनी, फाइनवेर्कबाउ ही सगळी चांगलीच आहेत, पण आपल्या तळहाताला कोणत्या मापाची ग्रिप बसते आणि नळी किती उंच असलेली बरी वाटते, हे क्लबच्या पिस्तुलावर दोन-तीन महिने काढल्याशिवाय कळत नाही. नियमाप्रमाणे पिस्तुलाचं वजन १५०० ग्रॅमपर्यंत चालतं आणि ट्रिगर ओढायला लागणारा दाब किमान ५०० ग्रॅम असावा लागतो. क्लबच्या पिस्तुलाचा ट्रिगर कोणीतरी हलका करून ठेवलेला असू शकतो. तो ५०० ग्रॅमच्या वजनाने तपासून घ्या आणि ५१० ते ५२० ग्रॅमवर ठेवा. हलक्या ट्रिगरवर शिकलेलं बोट स्पर्धेत फसतं.

बूट सपाट तळव्याचे आणि घोट्याचं हाड न झाकणारे हवेत, कारण पिस्तूल प्रकारात उंच बूट चालत नाहीत. डावा डोळा मिटायची सवय लावून घेऊ नका. डोळा मिटला की सगळा चेहरा आखडतो आणि नेम धरणारा डोळाही थकतो. त्याऐवजी टोपीला किंवा चष्म्याला ३० मिमी रुंदीपर्यंतची पट्टी लावून तो डोळा झाका. चाळिशीचा चष्मा असेल तर डोळ्यापासून फ्रंट साइटपर्यंतचं अंतर टेपने मोजून नेत्रतपासनीसाला सांगा. वाचायच्या चष्म्याने फ्रंट साइट स्पष्ट दिसत नाही, लांबच्या चष्म्यानेही नाही.

आधी सुरक्षा

पिस्तूल नेहमी भरलेलंच आहे असं धरायचं. नळीचं तोंड सदैव टार्गेटकडे. मागून कोणी हाक मारली तर पिस्तूल टेबलावर ठेवायचं आणि मग वळायचं. हातात पिस्तूल घेऊन वळणाऱ्याला चांगल्या रेंजवर त्याच क्षणी बाहेर काढतात आणि ते बरोबरच आहे. टेबलावर ठेवलेलं पिस्तूल उघडं असावं आणि नळीत भगव्या रंगाची सेफ्टी दोरी आरपार घातलेली असावी, म्हणजे चेंबर रिकामं आहे हे लांबूनही दिसतं. नेम धरायला पिस्तूल टार्गेटवर उचलेपर्यंत बोट ट्रिगरवर नको. हाताने कागद बदलण्याची रेंज असेल तर माणसं पुढे गेलेली असताना आपल्या पिस्तुलाला हातही लावायचा नाही, पेटीत ठेवण्यासाठीसुद्धा नाही. ‘स्टॉप’ ऐकू आलं की अर्धा ओढलेला ट्रिगर सोडून द्यायचा.

पेलेट शिशाचं असतं. सराव झाल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय जेवणाच्या डब्याला हात लावू नका आणि पेलेट ओठात धरू नका. पिस्तुलाचा हवेचा सिलिंडर २०० बारपर्यंत, सावकाश भरायचा. त्यावर छापलेली मुदत संपली असेल तर तो कितीही नवा दिसत असला तरी बाजूला काढायचा.

एक गोळी कशी उडवायची

फायरिंग लाइनशी उभं राहताना उजवखोऱ्याचा उजवा पाय पुढे, पाय खांद्याइतके फाकलेले, वजन दोन्ही पायांवर सारखं. डावा हात खिशात किंवा पट्ट्यात अडकवून ठेवा. तो लोंबकळत राहिला तर शरीर डुलतं.

आता नैसर्गिक नेम तपासा. पिस्तूल उचला, डोळे मिटा, खांदा सैल सोडा, दोन श्वास घ्या, डोळे उघडा. पिस्तूल टार्गेटच्या डावीकडे गेलेलं दिसलं तर हात उजवीकडे ओढू नका. टार्गेटकडे बघत मागचा पाय डावीकडे दोन-तीन सेंमी सरकवा. पिस्तूल ज्या बाजूला गेलं, मागचा पायही त्याच बाजूला, एवढं लक्षात ठेवा. ऐकताना उलटं वाटतं, पण पुढच्या पायावर शरीर फिरतं आणि नळी विरुद्ध बाजूला येते. हात ओढून नेम जुळवला तर ट्रिगर सुटतानाच तो आपल्या मूळ जागी परततो आणि सिरीजभर गोळ्या एकाच बाजूला पडत राहतात. मग माणूस साइटचे स्क्रू फिरवत बसतो.

ग्रिप प्रत्येक वेळी तशीच पकडली गेली पाहिजे. डाव्या हाताने नळीकडून पिस्तूल धरा, उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी यांमधली खाच ग्रिपच्या मागच्या वळणात शक्य तितकी वर बसवा, मग खालची तीन बोटं लपेटा. दाब पुढून मागे, सरळ रेषेत. अंगठा नुसता टेकलेला. तळहाताखालची फळी म्हणजे पाम शेल्फ हाताला लागलेली असावी, पण हात चिमटा नये. पकड किती घट्ट, हा प्रश्न प्रत्येक नवखा विचारतो. हात थरथरू लागेल इतकी घट्ट धरून मग थरथर थांबेपर्यंत सैल करा, तीच पकड. त्याहून महत्त्वाचं हे की गोळी सुटेपर्यंत ती बदलता कामा नये. ट्रिगर ओढताना बाकीची बोटंही आवळली जाणं हा नवख्यांचा सर्वांत मोठा दोष आहे.

यापुढचा भाग सावकाश वाचा, कारण सगळा खेळ इथे आहे. मागच्या साइटच्या खाचेत फ्रंट साइट बरोबर मध्ये, दोन्ही बाजूंना उजेडाच्या सारख्या फटी, वरच्या कडा एका रेषेत. हे सगळं काळ्या गोलाच्या खाली, पांढऱ्या भागात धरायचं, काळ्याच्या आणि फ्रंट साइटच्या मध्ये पांढरी पट्टी ठेवून. नजर फ्रंट साइटच्या वरच्या कडेवर, काळा गोल धूसर दिसला पाहिजे. गोल स्वच्छ दिसत असेल तर तुम्ही चुकीच्या जागी बघत आहात.

असं का, याचा हिशेब साधा आहे. दोन साइटमधलं अंतर ३३ सेंमी धरू. फ्रंट साइट खाचेत फक्त १ मिमी बाजूला सरकली तर दहा मीटरवर गोळी सुमारे ३० मिमी बाजूला जाते. टार्गेटवर एकेका वर्तुळाची रुंदी ८ मिमी. कडेला स्पर्श झाला तरी वरचा गुण मिळतो, त्यामुळे पेलेटची त्रिज्या धरून मध्यापासून ८ मिमीपर्यंत दहा, १६ पर्यंत नऊ, २४ पर्यंत आठ, ३२ पर्यंत सात. म्हणजे साइटमधल्या १ मिमीच्या चुकीचे थेट तीन गुण गेले. याउलट साइट नीट जुळलेली असताना सगळा हातच समांतर ५ मिमी सरकला, तर गोळीही ५ मिमीच सरकते आणि दहाच मिळतो. म्हणून डुलण्याशी भांडू नका, साइट सांभाळा. गोल धूसर झाला की हात डुलल्याची भीतीही कमी होते, हा त्यातला आणखी एक फायदा.

मॅच पिस्तुलाच्या ट्रिगरला दोन टप्पे असतात. पहिला टप्पा हात खाली येतानाच घेऊन ठेवा. साइट पांढऱ्या भागात स्थिरावली की दुसऱ्या टप्प्यावर दाब वाढवत जा, थांबू नका. बोटाच्या पहिल्या पेराचा मधला भाग, दाब सरळ मागे, बोटाची बाकीची पेरं ग्रिपला न लागता. ‘आत्ता बरोबर मध्ये आहे, दाब!’ असा विचार आला की गोळी बिघडलीच, कारण तो विचार बोटाला झटका द्यायला लावतो.

क्रम असा: श्वास घेत पिस्तूल काळ्याच्या वर उचला, श्वास सोडत खाली आणा, अर्धा श्वास सोडून थांबा, पांढऱ्या भागात आल्यापासून ५ ते ८ सेकंदांत गोळी सुटली पाहिजे. दहा सेकंद झाले तर पिस्तूल खाली ठेवा. इतका वेळ रोखून धरलं की हात थकतो, डोळ्यासमोरचं चित्र गोठतं आणि आपल्याला ते जुळलेलंच वाटत राहतं. गोळी सुटल्यावर दोन सेकंद तसंच उभं राहून फ्रंट साइट कुठे परतली ते बघा. लगेच गुण दाखवणाऱ्या मॉनिटरकडे मान वळवणाऱ्याची मान पुढे पुढे गोळी सुटण्याआधीच वळू लागते.

सरावाचे प्रकार

ड्राय, म्हणजे पेलेट न घालता नुसता ट्रिगर ओढणं, हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत कंटाळवाणा सराव, आणि सर्वांत उपयोगी. मॅच पिस्तुलात ड्रायची सोय असते, त्यात हवा न सुटता ट्रिगर तुटतो, म्हणजे दाब पुरेसा झाला की सुटतो. चेंबर दोनदा तपासा, पेलेटचा डबा दुसऱ्या खोलीत ठेवा. कोऱ्या पांढऱ्या भिंतीसमोर उभं राहा आणि फक्त फ्रंट साइट बघत ट्रिगर तोडा. तुटताना साइट हलली का, एवढाच प्रश्न. टार्गेट नसल्यामुळे डोळ्याला पळायला जागा उरत नाही. वीस वेळा झालं की पाच मिनिटं बसा, पुन्हा वीस.

घरात पाच मीटर जागा असेल तर कागदावर ३० मिमीचा काळा गोल काढून लावा. खऱ्या टार्गेटचा काळा भाग ५९.५ मिमीचा, त्याच्या हा निम्मा. गोलाचा मध्य किती उंच लावायचा हेही मोजा. रेंजवर तो जमिनीपासून १.४० मीटरवर असतो. तुमचा डोळा १.६० मीटरवर असेल तर पाच मीटरवरचा गोल १.५० वर येईल. उंची चुकली तर खांद्याला चुकीचा कोन पाठ होतो.

होल्डिंग म्हणजे गोळी न उडवता नुसतं धरून राहणं. पंधरा सेकंद धरा, पंचेचाळीस सेकंद आराम, असं दहा वेळा. तीन आठवड्यांनी वीस सेकंद, मग तीस. डंबेल उचलून हे काम होत नाही, कारण खांद्याला वजन पेलण्याबरोबर बारीक स्थिरता शिकायची असते. खांद्याच्या सांध्यात टोचू लागलं तर त्या दिवशी तिथेच थांबा. स्नायू थकणं वेगळं आणि सांधा दुखणं वेगळं.

कोरा कागद: टार्गेट उलटं करून लावा आणि दहा गोळ्या पांढऱ्यावर उडवा. गुण नाहीत, गोल नाही, फक्त ग्रुप, म्हणजे गोळ्यांच्या भोकांचा पुंजका. पहिले दोन महिने रेंजवरच्या निम्म्या गोळ्या अशाच जाव्यात. बरेच जण हे टाळतात, कारण दहा दिसल्याशिवाय मजा येत नाही. पण कोऱ्या कागदावर ग्रुप लहान आणि काळ्या गोलावर मोठा येत असेल, तर दोष हातात नाही. तुमची नजर गोलाकडे पळते आहे आणि मन दहासाठी धावतं आहे. हे निदान दुसऱ्या कुठल्याच सरावातून इतकं स्वच्छ होत नाही.

झटका पकडायचा असेल तर जोडीदार लागतो. तो तुमच्याकडे पाठ करून कधी पेलेट घालेल, कधी नुसतंच बंद करून देईल, अर्थात नळी टार्गेटकडेच ठेवून. दहापैकी चार-पाच रिकाम्या असू द्या. रिकाम्या वेळी पिस्तुलाने खाली डुबकी मारली की ती तुम्हालाच दिसते. समजावून सांगावं लागत नाही.

खाली ठेवण्याचा सराव म्हणजे दर तिसऱ्या वेळी, नेम चांगला जुळलेला असला तरी, ट्रिगर सोडून पिस्तूल टेबलावर ठेवायचं. सोपं वाटतं, पण बोट दाब वाढवत असताना मागे फिरणं जमत नाही म्हणूनच सिरीजमध्ये सहा आणि सात येतात.

कॉल करणं शेवटी सांगतो आहोत, पण ते पहिल्या दिवसापासून करा. गोळी सुटली की मॉनिटर बघण्याआधी घड्याळाच्या भाषेत सांगायचं: ‘नऊ, आठ वाजता’. मग बघायचं. कॉल एका वर्तुळाच्या आणि एका तासाच्या आत असला तर बरोबर धरा. सुरुवातीला निम्मेही जुळत नाहीत. ते जुळू लागले म्हणजे ट्रिगर तुटतानाचं चित्र तुमच्या डोळ्याने खरोखर पाहिलं. गुण वाढण्याआधी हा आकडा वाढतो, म्हणून तो फार महत्त्वाचा.

दीड तासाचं एक सत्र असं बसवा: दहा मिनिटं खांदे-मनगट मोकळं करणं, पंधरा मिनिटं ड्राय, दहा मिनिटं होल्डिंग, मग कोऱ्या कागदावर २० गोळ्या, काळ्यावर २० गोळ्या कॉलसह, शेवटी वही. चाळीस गोळ्या कमी वाटतील. शंभर उडवल्या तर शेवटच्या साठ थकलेल्या हाताने उडतात, आणि थकलेला हातही शिकतोच, फक्त चुकीचं शिकतो. आठवड्यात तीन दिवस रेंज आणि तीन दिवस घरी पंधरा मिनिटं ड्राय, इतकं पुरे.

वहीत काय लिहायचं

दिवस, वेळ, पिस्तूल, पेलेटचा ब्रँड आणि लॉट, साइटचे क्लिक (साइटचा स्क्रू किती खटके फिरवला ते), आजचं एकच उद्दिष्ट. ‘आज ट्रिगर न थांबवता ओढायचा’, असं एकच. मग प्रत्येक दहा गोळ्यांना चार आकडे: गुण, ग्रुपचा मध्य, सरासरी त्रिज्या, बरोबर कॉल. त्यापुढे किती वेळा पिस्तूल खाली ठेवलं ते. शेवटी एक वाक्य, उद्याच्या स्वतःसाठी.

ग्रुपचा मध्य कसा काढायचा ते उदाहरणाने पाहू. टार्गेटचा मध्य शून्य, उजवीकडे आणि वर अधिक, डावीकडे आणि खाली उणे, सगळं मिमीमध्ये. दहा गोळ्या अशा पडल्या:

(−१२, −८), (−१८, ४), (−६, −२२), (−२४, −१२), (−१०, १०), (−१६, −३०), (२, −१४), (−२०, −१८), (−१४, ६), (−२२, −१६)

पहिल्या आकड्यांची बेरीज −१४०, दुसऱ्यांची −१००. दहाने भागलं की ग्रुपचा मध्य १४ मिमी डावीकडे आणि १० मिमी खाली. या सिरीजचे गुण होतात ७९. हाच ग्रुप जसाच्या तसा उचलून मध्यावर ठेवला असता तर ८८ झाले असते. म्हणजे नऊ गुण ग्रुप मोठा असल्यामुळे गेले नाहीत, तो चुकीच्या जागी पडल्यामुळे गेले. नुसता ७९ हा आकडा हे कधीच सांगत नाही.

आता प्रत्येक गोळीचं ग्रुपच्या मध्यापासूनचं अंतर मोजा आणि सरासरी काढा. इथे ती सुमारे १३.५ मिमी येते. हीच सरासरी त्रिज्या. सर्वांत लांबच्या दोन गोळ्यांमधलं अंतर मोजायची पद्धत सोपी आहे खरी, पण तिथे एक वाईट गोळी सगळं ठरवते. शिवाय गोळ्या जास्त तितकं ते अंतर आपोआप वाढतं, त्यामुळे पाच गोळ्यांचा ग्रुप दहांच्या ग्रुपशी ताडता येत नाही.

आडवा आणि उभा पसारा वेगळा बघा. वरच्या उदाहरणात मध्यापासून सरासरी आडवं अंतर ६ मिमी, उभं १०.४. ग्रुप उभा लांबला आहे. उभ्या पसाऱ्याची नेहमीची कारणं: दर वेळी पांढरी पट्टी कमी-जास्त ठेवणं, मनगट सैल सुटणं, श्वास वेगवेगळ्या ठिकाणी थांबवणं. सिरीजच्या शेवटच्या गोळ्या क्रमाने खाली खाली जात असतील तर आधी सिलिंडरचा गेज बघा. दाब संपत आला की पेलेट मंदावतं आणि खाली पडतं. आडवा पसारा जास्त असेल तर बोटाचा दाब तिरका आहे, किंवा नैसर्गिक नेम तपासायचा राहिला आहे. उजवखोऱ्याच्या गोळ्या डावीकडे-खाली जाणं हे बहुधा सगळी बोटं एकदम आवळल्याचं चिन्ह, उजवीकडे गेल्या तर अंगठा ढकलतो आहे का बघा. असे तक्ते रेंजच्या भिंतीवर लावलेले असतात. ते इशारा म्हणून वाचा आणि खात्री ड्रायमध्ये, साइट कुठे उडते ते पाहून करा.

साइट कधी फिरवायची

एका सिरीजवरून नाही. एकाच दिवशी तीन सिरीजचे मध्य त्याच बाजूला पडले आणि तुमचे कॉलही मध्यावरचे होते, तर साइट फिरवा. कॉल डावीकडचा होता आणि गोळीही डावीकडे गेली, तर साइट बिचारी बरोबर आहे, चूक बोटाची आहे. बोटाची चूक साइटने झाकली तर बोट सुधारेल त्या दिवशी सगळ्या गोळ्या उजवीकडे जातील.

एका क्लिकने गोळी किती सरकते हे पिस्तुलागणिक वेगळं. एकदा मोजून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा: दहा गोळ्यांचा मध्य काढा, दहा क्लिक उजवीकडे द्या, पुन्हा दहा गोळ्या, पुन्हा मध्य. समजा वीस मिमी फरक पडला, तर एक क्लिक म्हणजे दोन मिमी. मग वरच्या उदाहरणात सात क्लिक उजवीकडे आणि पाच वर. ज्या दिशेला गोळी न्यायची त्याच दिशेला मागची साइट न्यायची. क्लिक दिले की वहीत लगेच लिहा. दोन आठवड्यांनी ‘मी किती फिरवले होते?’ असं विचारत बसलेले शूटर प्रत्येक रेंजवर दिसतात.

सुधारणा आणि योगायोग

काल ८४, आज ८७. सुधारणा झाली का? सांगता येत नाही. नवख्याची एकेक गोळी सरासरीच्या वर-खाली साधारण एका गुणाने फिरते असं धरलं, तर काहीही न बदलता दहा गोळ्यांची बेरीज तीनेक गुणांनी इकडेतिकडे होते आणि साठ गोळ्यांची सात-आठ गुणांनी. म्हणून ८७ ने हुरळून जाऊ नका आणि दुसऱ्या दिवशीच्या ८२ ने ग्रिप बदलू नका. वाईट दिवसानंतर ग्रिप, पायांची ठेवण आणि पेलेट एकदम बदलणं हे नवख्याचं फार मोठं नुकसान आहे, कारण मग काय उपयोगी पडलं ते कधीच कळत नाही. एका वेळी एक बदल, आणि निदान पाच सत्रं तोच.

तुलना पाच सत्रांच्या सरासरीची करा. दर सत्रात ४० गोळ्या मोजल्या, वीस कोऱ्या कागदावरच्या असल्या तरी त्रिज्येसाठी त्या चालतात, तर पाच सत्रांत २०० गोळ्या होतात. गुणांची तुलना मात्र फक्त काळ्यावरच्या गोळ्यांची. पाच सत्रांत त्या शंभर होतात, आणि दर दहा गोळ्यांमागची सरासरी तीन गुणांनी वाढली तर तिच्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही. आलेख कागदावर खाली सत्र क्रमांक, बाजूला सरासरी त्रिज्या, दर सत्राला एक ठिपका. ठिपक्यांची गर्दी खाली सरकते आहे का बघा, एकेका ठिपक्याकडे नको.

आणखी एक ओळ मांडा: पहिल्या दहा गोळ्या आणि शेवटच्या दहा. शेवटच्या सतत मागे असतील तर दम कमी पडतो आहे, होल्डिंग वाढवा. पहिल्याच मागे असतील तर अंग तापायच्या आत तुम्ही मोजायला लागता, ड्राय वाढवा.

महिन्यातून एकदा चाचणी घ्या. पहिल्या दोन महिन्यांनंतर ४० गोळ्या ५० मिनिटांत, मग ६० गोळ्या ७५ मिनिटांत. इलेक्ट्रॉनिक टार्गेटवर स्पर्धेतही ६० गोळ्यांना एवढाच वेळ असतो आणि त्याआधी तयारी आणि सायटर, म्हणजे गुणांत न धरल्या जाणाऱ्या सरावाच्या गोळ्या, यांसाठी १५ मिनिटं. म्हणजे गोळीमागे सव्वा मिनिट, घाईचं कारण नाही. दर दहा गोळ्यांनंतर पिस्तूल टेबलावर ठेवून खुर्चीत बसा, घोटभर पाणी प्या. पावसाळ्यात कोकणात आणि मुंबईत घामाने ग्रिप घसरते. सुती कापड खिशात ठेवा आणि ग्रिपचं लाकूड फुगून पकड बदलल्यासारखी वाटली तर कानशीने घासायला घेण्याआधी आठवडाभर थांबा. चाचणीच्या दिवशी साइट फिरवायची ती सायटरमध्येच. चाचणीचा कागद किंवा मॉनिटरचा प्रिंट वहीत चिकटवा, आणि त्याच्या शेजारी त्या दिवसाचे कॉल लिहा, चुकलेले सुद्धा.